‘मादामा बटरफ्लाय’ पहिल्यांदा ऐकताना: पेन्सिल, कागद आणि एक यादी

पहिल्या खेपेला मी बहुतेकांसारखीच चूक केली. ‘ऊन बेल दी’ हे ‘मादामा बटरफ्लाय’ या इटालियन ऑपेरातलं, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातलं, गाजलेलं गाणं कुठेतरी कानावर पडलं, आवडलं, आणि त्याच रात्री जेवणं आटोपून अख्खा ऑपेरा लावून बसले. चाळिसाव्या मिनिटाला डुलकी लागली. जाग आली तेव्हा एक बाई इटालियनमध्ये जिवाच्या आकांताने गात होती आणि तिचं काय बिनसलंय हे मला कळत नव्हतं. वर्षभराने पुन्हा बसले ती संहिता मांडीवर घेऊन. त्या रात्री दोन वाजेपर्यंत झोप आली नाही.

ऑपेराच्या संहितेला लिब्रेटो म्हणतात. खाली सांगते तो सगळा खटाटोप या संहितेभोवतीच आहे. तीन-चार संध्याकाळी लागतील. इटालियन यायची गरज नाही, पाश्चात्त्य संगीताचं शिक्षणही नको.

आधी गोष्ट, शेवटासकट

शेवट आधी कळला तर मजा जाईल असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. संगीत नाटकाला जाणाऱ्यांना तरी कुठे शेवट माहीत नसायचा? पुढे काय होणार यापेक्षा ते कसं गायलं जाणार, यासाठी माणसं जात. इथेही तसंच.

काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, स्थळ नागासाकी. बंदराच्या वर टेकडीवर एक घर. अमेरिकी नौदलातला लेफ्टनंट पिंकर्टन ते भाड्याने घेतो आणि गोरो नावाच्या दलालामार्फत एका पंधरा वर्षांच्या गेशेशी लग्नही लावून घेतो. तिचं नाव चो-चो-सान. जपानीत ‘चो’ म्हणजे फुलपाखरू, म्हणून ती बटरफ्लाय. त्याच्या लेखी हा तात्पुरता संसार, तिच्या लेखी जन्माची गाठ. त्याच्यासाठी ती गुपचूप मिशनमध्ये जाऊन धर्मही बदलते. तिचा बोन्झो काका, म्हणजे बौद्ध भिक्षू, भर लग्नात येऊन शाप देतो आणि सगळं गोत तिला टाकतं. पिंकर्टन जातो. तीन वर्षं ती वाट पाहते, सोबतीला सुझुकी ही मोलकरीण आणि पिंकर्टनला ज्याचा पत्ताच नाही असा त्याचा मुलगा. पिंकर्टन परत येतो तो केट या अमेरिकी बायकोला घेऊन, आणि मूल घेऊन जायला. चो-चो-सान मूल द्यायला कबूल होते आणि बापाच्या सुरीने स्वतःला संपवते.

एवढं डोक्यात ठेवा आणि लिब्रेटो मिळवा. संहिता लुइजी इल्लिका आणि ज्युझेप्पे जाकोझा या जोडीची, संगीत जाकोमो पुच्चिनीचं. तिघांनाही जाऊन शंभर वर्षं झाली आहेत, त्यामुळे मूळ इटालियन संहिता आणि स्वरलिपी इंटरनेटवर फुकट मिळते. एका बाजूला इटालियन आणि समोर इंग्रजी अशी छापलेली प्रत शोधा. नुसतं भाषांतर घेतलंत तर आपण कुठल्या ओळीवर आहोत ते कळत नाही.

रेकॉर्डिंग एकच निवडा

पाच रेकॉर्डिंग उघडून तुलना करायचा मोह होईल. नको. पहिल्या वेळी एकच.

मला विचाराल तर कारायान या कंडक्टरचं 1974 चं घ्या: बटरफ्लाय मिरेल्ला फ्रेनी, पिंकर्टन पावारोत्ती, सुझुकीच्या भूमिकेत क्रिस्टा लुडविग आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रा इतका स्वच्छ ऐकू येतो की पुढे सांगणार आहे त्या खुणा सापडायला त्रास होत नाही. बार्बिरोलीने 1966 मध्ये रोममध्ये केलेलं रेकॉर्डिंग जास्त उबदार आहे, त्यातली रेनाता स्कोत्तो शब्द असे टाकते की अर्थ न कळताही कळतो. ते दुसऱ्या फेरीला ठेवा. मारिया कॅलासचं 1955 चं मात्र इतक्यात नको. ते ऐकलं की कथेऐवजी कॅलासच लक्षात राहते.

सगळं मिळून सव्वादोन-अडीच तास होतात. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. एका संध्याकाळी एक भाग, मोबाइल दुसऱ्या खोलीत, हातात पेन्सिल.

पहिला अंक: कराराकडे लक्ष

पडदा उघडतो तेव्हा गोरो घर दाखवत असतो. या भिंती सरकतात, ही खोली अशी होते, ती तशी. पिंकर्टनला गंमत वाटते. मग अमेरिकी वकिलातीतला शार्पलेस येतो आणि पिंकर्टन त्याला सांगतो: घर 999 वर्षांसाठी घेतलंय, करार दर महिन्याला मोडायची मुभा ठेवून. या देशात घरं आणि करार दोन्ही सारखेच लवचीक. पेन्सिलीने इथे खूण करा. थोड्या वेळाने हेच वाक्य तो लग्नाबद्दल म्हणतो. गोरोच्या तोंडी नवरीची किंमतही आहे, फक्त शंभर येन. आणि तिला अजून पाहायच्या आतच पिंकर्टन पेला उंचावून म्हणतो, एक दिवस मी खऱ्या लग्नाने खरी अमेरिकी बायको करीन, त्या दिवसासाठी!

हे सगळं तो फार गोड सुरांत गातो, आणि पुच्चिनीची खोड इथेच आहे. पिंकर्टनला त्याने खलनायकाचं संगीत दिलेलं नाही. चाल अशी मोकळी, उमदी की नकळत आपणही डोलू लागतो, आणि मग शब्दांवर नजर गेली की ओशाळायला होतं. त्याच्या गाण्याच्या सुरुवातीला ऑर्केस्ट्रा जी धून वाजवतो ती आज अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणून ओळखीची आहे. 1904 मध्ये ती राष्ट्रगीत नव्हती, तो मान 1931 मध्ये मिळाला. पण नौदलात ती तेव्हाही वाजायची.

बटरफ्लायचा प्रवेश आवाजाने होतो. ती दिसत नाही, टेकडी चढताना मैत्रिणींच्या आवाजांवर तरंगणारा तिचा आवाज आधी येतो. ही टेकडी लक्षात असू द्या.

मग ती किमोनोच्या बाह्यांतून एकेक चीज काढून दाखवते: रुमाल, चिलीम, आरसा, पंखा. रंगाची डबी पिंकर्टनला आवडत नाही असं दिसताच ती फेकून देते. शेवटी एक लांबट म्यान निघतं. ते दाखवायला ती तयार नाही, इतक्या लोकांत नको म्हणते. गोरो पिंकर्टनच्या कानात सांगतो: मिकाडोने, म्हणजे सम्राटाने, तिच्या बापाला पाठवलेली भेट आहे, आणि पोट चिरायची खूण करतो. मग बाप? ‘हा ओब्बेदीतो.’ त्याने आज्ञा पाळली. एवढंच, आणि लग्नाची गडबड पुढे सुरू. पहिल्यांदा ऐकताना हे हमखास निसटतं.

अंकाच्या शेवटी पंधराएक मिनिटांचं द्वंद्वगीत आहे. इथे पेन्सिल खाली ठेवा, नुसतं ऐका. फक्त एका ठिकाणी कान द्या. ती विचारते, समुद्रापलीकडे म्हणे फुलपाखरू पकडलं की टाचणीने फळीवर टोचून ठेवतात? तो म्हणतो, हो, पळून जाऊ नये म्हणून.

हा जपान कुठला?

दुसऱ्या अंकाआधी हा प्रश्न निकालात काढा, नाहीतर तो मध्ये मध्ये टोचत राहील.

पुच्चिनी जपानला कधी गेला नाही. 1900 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये त्याने डेव्हिड बेलास्कोची याच गोष्टीवरची एकांकिका पाहिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, तरी नाट्य पोचलं. एकांकिका जॉन ल्यूथर लाँग या अमेरिकी लेखकाच्या 1898 च्या कथेवरून, आणि तिच्यामागे पिएर लोती या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची 1887 ची कादंबरी. म्हणजे जपान फ्रेंच, अमेरिकी आणि इंग्रजी रंगभूमी अशा तीन हातांतून इटलीत पोचला होता. हातबदल झाल्याच्या खुणा जागोजागी आहेत. ‘सुझुकी’ हे खरं तर आडनाव. पूर्वजांच्या आत्म्यांना ‘ओत्तोके’ म्हटलंय, तो ‘होतोके’चा अपभ्रंश. त्या काळी ही फॅशनच होती. याच इल्लिकाने मास्काग्नी या संगीतकारासाठी ‘इरिस’ हा जपानी ऑपेरा लिहिला, 1898 मध्ये रोममध्ये झाला. त्यात दोन पात्रांची नावं ओसाका आणि क्योतो अशी आहेत! कोणी परदेशी नाटककाराने आपल्या नायकाचं नाव सोलापूर आणि खलनायकाचं सांगली ठेवावं, तसं.

पुच्चिनीने त्यामानाने कष्ट घेतले. जपानी राजदूताच्या पत्नीला भेटून गाणी ऐकली, छापील चाली जमवल्या. लग्न लावायला सरकारी अधिकारी येतो तेव्हा ‘किमिगायो’ हे जपानचं राष्ट्रगीत वाजतं. बटरफ्लायला मागणी घालणारा श्रीमंत यामादोरी येतो तेव्हा ‘मियासान’ हे मेइजी काळातलं कूचगीत. बटरफ्लाय बाहीतल्या वस्तू काढते त्या सुमारास ‘साकुरा साकुरा’ हे जपानी गाणं येतं. आपल्या कानांना ते परकं वाटणार नाही, त्याचे स्वर सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे गुणकली रागाचेच. काही चाली तर जपानी नसून चिनी आहेत. एका संगीत-अभ्यासकाला अमेरिकेतल्या संग्रहालयात जुनी स्विस बनावटीची वाजणारी पेटी सापडली, तिच्यावर चिनी चाली होत्या आणि त्यांतल्या या ऑपेरात ओळखू आल्या.

मग हा ऑपेरा जपानबद्दल काही सांगतो का? माझ्या मते फारसं नाही. जपान असाच असावा अशी ज्यांना हौस होती त्या माणसांबद्दल मात्र बरंच सांगतो, आणि पिंकर्टन त्यांतलाच एक. त्याचाही जपान कल्पनेतलाच आहे, दर महिन्याला रद्द करता येणारा. तरी पंधरा वर्षांची, नम्र, नवऱ्यापायी जीव देणारी पूर्वेकडची बाई हा साचा या ऑपेराने जगभर पसरवला, हे खरं. तो आरोप पुसून टाकायची गरज नाही. तो मनात ठेवूनच ऐकावं. जपानी लोकांनी हा ऑपेरा झिडकारला असंही नाही. तामाकी मिऊरा या जपानी गायिकेने 1915 मध्ये लंडनमध्ये ही भूमिका केली आणि पुढे जगभर गाजवली. नागासाकीच्या ग्लोव्हर गार्डनमध्ये तिचा पुतळा आहे.

दुसरा अंक: आता यादी करा

कोरा कागद घ्या. ‘ऊन बेल दी, वेद्रेमो’, एके सुंदर दिवशी आपण पाहू, हे गाणं अंकाच्या सुरुवातीलाच येतं. तीन वर्षं झाली आहेत, घरात थोडी नाणी उरली आहेत, सुझुकीला वाटतं तो येणार नाही. बटरफ्लाय तिला भरवसा देते, तो येईल तो दिवस कसा असेल ते सांगते. लिब्रेटोतून ती सांगते ते एकाखाली एक लिहून काढा:

समुद्राच्या कडेला धुराची रेघ.
पांढरं जहाज. बंदरात शिरताना तोफेची सलामी.
मी खाली जाणार नाही, इथेच थांबेन.
गर्दीतून एक ठिपका टेकडी चढायला लागेल.
तो लांबून हाक मारेल, ‘बटरफ्लाय!’
मी ओ देणार नाही, लपून राहीन. थोडी चेष्टा म्हणून, आणि थोडं पहिल्या भेटीत जीव जाऊ नये म्हणून.

आता गाणं ऐका. पहिलाच स्वर वरचा आहे, पण हळू, लांबून आल्यासारखा. चढत जाण्याची तयारी न करता ती एकदम वर उभी असते. शेवटचा शब्द ‘लास्पेत्तो’, मी त्याची वाट पाहते. कागद जपून ठेवा, तिसऱ्या अंकात लागणार आहे.

या गाण्याआधी तिने सुझुकीला दिलेला युक्तिवादही वाचा. तो परत येणार नसता तर त्याने घराला एवढी कुलपं का बसवून घेतली असती? कागदी सरकत्या भिंतींचं घर, आणि त्याला कुलपं.

गाणं संपलं की बरेच जण सैल बसतात. माझ्या मते या ऑपेरातला सगळ्यात भारी प्रसंग त्यानंतर आहे. शार्पलेस पिंकर्टनचं पत्र वाचून दाखवायला आला आहे. पिंकर्टनने लग्न केलंय, हे त्याला तिला सांगायचंय. पण ती सांगू देईल तर ना. आधी पाहुणचार, मग चिलीम. मग एकदम प्रश्न: अमेरिकेत रॉबिन पक्षी घरटं कधी बांधतात? कारण रॉबिन घरटं बांधतील तेव्हा येतो, असं तो सांगून गेला होता. इथे तर तीनदा बांधून झालं, तिकडे कदाचित उशिरा बांधत असतील. दारात कावळा ओरडला की पाहुणा येणार असं मानणाऱ्या आपल्याला हे हसण्यावारी नेता येत नाही. शार्पलेस बिचारा म्हणतो, पक्षिशास्त्राचा माझा अभ्यास नाही.

मध्येच यामादोरी मागणी घालून जातो. गोरो म्हणतो, नवऱ्याने टाकलं की घटस्फोटच. ती म्हणते, तो तुमच्या देशाचा कायदा, माझा देश अमेरिका. आणि तिथला न्यायाधीश बायको टाकणाऱ्या नवऱ्याला कसा तुरुंगात धाडतो त्याची नक्कल करून दाखवते. गायिका चांगली असेल तर इथे हसू येतं, आणि ते यायलाच हवं.

मग पत्र. ती आधी त्याचं चुंबन घेते. शार्पलेस एक ओळ वाचतो, ती मध्येच बोलते. तो पुढची वाचतो, ती पुन्हा बोलते. ‘कदाचित बटरफ्लायला माझी आठवणही नसेल’ यावर ती सुझुकीकडे वळते, तूच सांग गं! या सगळ्याखाली ऑर्केस्ट्रात एक धून हलकेच डुलत असते. ती पाठ होईपर्यंत हा तुकडा दोन-तीनदा ऐका, लवकरच पुन्हा भेटणार आहे. शेवटी शार्पलेस पत्र घडी करून ठेवतो आणि विचारतो, तो कधीच आला नाही तर? ऑर्केस्ट्राचा एक ठोका, आणि शांतता. मग ती उठते आणि आतून मूल घेऊन येते. याचं नाव आज ‘दोलोरे’, दुःख. बाप आला की ‘जोया’, आनंद.

तोफ वाजते. कागदावर खूण करा. जहाज पांढरं आहे. दुसरी खूण.

रात्र

बागेतली सगळी फुलं तोडून घरात पसरली आहेत. ती लग्नातला पोशाख चढवते आणि कागदी भिंतीला तीन भोकं पाडते: स्वतःसाठी, सुझुकीसाठी, खाली बसलेल्या मुलासाठी. तिघं बंदराकडे पाहत बसतात. पडद्याआडून बंद ओठांनी समूह गुणगुणतो, शब्द नाहीत. चाल पत्राच्या प्रसंगातली. जे पत्र तिने पुरतं ऐकलंच नाही, ते रात्रभर तिच्याभोवती वाजतं आहे.

इथे थांबू नका. मूळ रचनेत मध्यंतर नव्हतं, रात्र सरळ पहाटेत मिसळायची. 17 फेब्रुवारी 1904 ला मिलानच्या ला स्कालामध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा पहाटेसाठी सभागृहात पक्ष्यांच्या शिट्ट्या ठेवल्या होत्या, त्यावर प्रेक्षकांनी कोंबड्यागाईंचे आवाज काढले. प्रयोग सपशेल पडला. पुच्चिनीने तो तिथल्या तिथे मागे घेतला, काटछाट केली, लांबलेला दुसरा अंक दोन भागांत तोडला आणि 28 मे ला ब्रेशामध्ये पुन्हा केला. तिथे तो डोक्यावर घेतला गेला. पिंकर्टनचं शेवटचं पश्चात्तापाचं गाणं याच दुरुस्तीतलं. खरं सांगायचं तर ते नसतं तरी माझं काही अडलं नसतं. गाणं सुरेख आहे, पण ते गाऊन तो पळच काढतो.

तिसरा अंक आणि शेवटचा स्वर

हा अंक कागद समोर ठेवून ऐका. बटरफ्लाय बागेत उभ्या केटला पाहते आणि तिला कोणी न सांगता सगळं उमजतं. ती म्हणते, मूल देईन, पण त्याने स्वतः यावं. अर्ध्या तासाने टेकडी चढून या.

टेकडी. खूण करा.

म्यान बाहेर येतं. सुरीवर कोरलेली ओळ ती वाचते: ज्याला अब्रूने जगता येत नाही, त्याने अब्रूने मरावं. मूल धावत येतं. ती त्याला निरोप देते, हातात अमेरिकेचा छोटा झेंडा देते, डोळ्यांवर पट्टी बांधते आणि पडद्याआड जाते. बाहेरून, टेकडीवरून, हाक येते: ‘बटरफ्लाय! बटरफ्लाय! बटरफ्लाय!’

यादीतल्या शेवटच्या दोन ओळींवरही खुणा करा. तो लांबून हाक मारतो. ती ओ देत नाही. तिने दुसऱ्या अंकात सांगितलेलं सगळं अक्षरशः घडलं आहे. म्हणूनच तिला खुळी, भाबडी समजणारे प्रयोग मला पटत नाहीत.

आता शेवटचा स्वर. सगळा ऑर्केस्ट्रा एकसुरात एक चाल ओरडल्यासारखी वाजवतो आणि षड्जावर येतो. कान म्हणतो, आता सा, कोमल ग, प असा स्वरमेळ येईल आणि संपेल. येतो तो पंचमाच्या जागी कोमल धैवत घेऊन. पडदा पडतो आणि तो धैवत तसाच लटकत राहतो. पेटी असेल तर वाजवून पाहा: सा आणि कोमल ग धरून ठेवा, वर आधी प, मग प सोडून कोमल ध.

प्रयोग बघायला जाताना

मुंबईत एनसीपीएमध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगांचं चित्रण पडद्यावर दाखवतात, वेळापत्रकावर लक्ष ठेवा. अँथनी मिंघेलाने बसवलेला प्रयोग मिळाला तर सोडू नका. त्यात मूल म्हणजे बाहुली आहे. काळ्या कपड्यांतली तीन माणसं ती बुनराकू या जपानी बाहुलीनाट्याच्या पद्धतीने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हलवतात, आणि पाच मिनिटांत ती माणसं दिसेनाशी होतात. घरी बघायचं असेल तर पोनेल या दिग्दर्शकाचा 1974 चा चित्रपट, त्यातही फ्रेनीच आहे, पिंकर्टन दोमिंगो.

भाषांतराच्या ओळी पडद्यावर येतात, पण लिब्रेटो वाचून गेलात तर त्या वाचण्यात चेहरे हुकणार नाहीत. ‘ऊन बेल दी’नंतर टाळ्या पडतात, तुम्हीही वाजवा, वन्स मोअर मात्र मागू नका. वयाकडे दुर्लक्ष करा. पंधरा वर्षांच्या मुलीची ही भूमिका पेलायला लागणारा आवाज पंधराव्या वर्षी नसतोच, आणि पहिल्या प्रवेशानंतर ती रंगमंचावरून जवळजवळ हलत नाही. रुमाल न्या. आणि शेवटी लोक उठायला लागले तरी तो धैवत विरेपर्यंत जागचे हलू नका.